बुक्ल्याचे पोट आधी, गळा नंतर

तुम्ही पाच छायाचित्रांसह पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इजिप्तमधल्या फायूम भागात नझला नावाच्या गावी कुंभार चाकाशिवाय चेंडूसारखी गोल मडकी, म्हणजे बुक्ले, घडवतात, ती कशी? आपल्याकडच्या मातीत ते जमेल का? आणि घरी करून पाहिलेले मडके पाणी भरल्यावर बाहेरून ओले होते, ते बंद करायला आतून काय लावावे?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. काही लावू नका. मडके पाझरते म्हणूनच ते पाण्याचे मडके आहे. नझलाचा कुंभार माती खणण्यापासून भट्टी विझेपर्यंत जे जे करतो, ते मडक्याच्या अंगातली बारीक छिद्रे तयार करण्यासाठी आणि शाबूत ठेवण्यासाठी करतो. हे एकदा लक्षात आले की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप त्याच्यामागून येतात.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, भद्रावतीकडचा. घरात आवा, म्हणजे मडकी भाजायची उघडी भट्टी, लागत आला आहे तो आजोबांच्याही आधीपासून. नझलाला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा हिवाळ्यात, आणि एका वयस्कर कुंभाराशेजारी बसून माती तुडवली. तिथे वडीलधाऱ्या माणसाला ‘अम्म’ म्हणतात, आपण काका म्हणतो तसे. अम्मला माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची जेमतेम वीस-पंचवीस शब्दांइतकी. पण थापीचा ठोका चुकला की दोघांचीही मान एकाच वेळी वर व्हायची.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा, कारण फायूमची मातीकामे शोधताना तो सगळ्यांचाच होतो. कारून सरोवराच्या काठी तुनिस नावाचे गाव आहे. एव्हलिन पोरे या स्विस कुंभारीणबाई तिथे येऊन राहिल्या, त्यांनी गावातल्या मुलामुलींसाठी मातीकामाची शाळा काढली, आणि आज त्या गावातली झिलईची ताटे-वाट्या, त्यांवरचे पक्षी, खजुरीची झाडे, उंट जगभर जातात. पोरेबाई २०२१ मध्ये वारल्या. त्यांचे काम फार मोलाचे आहे, पण ते गेल्या काही दशकांतले आहे आणि झिलईचे आहे. नझलाची कला वेगळी आणि पुष्कळ जुनी. तिथे झिलई नाही, रंग नाही, ताटल्या नाहीत. तिथे पाण्याची भांडी होतात. तुम्ही पाठवलेल्या पाचांपैकी दोन छायाचित्रे तुनिसची आहेत, म्हणून हे सांगावे लागले.

आता माती. नाईलचा गाळ येतो कुठून? बहुतेक सगळा इथियोपियाच्या डोंगराळ पठारावरून, निळी नाईल आणि अतबारा या दोन नद्यांबरोबर. ते पठार बसाल्ट खडकाचे आहे, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. आणि आपले दख्खनचे पठार? तेही बसाल्टचेच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. बसाल्ट कुजून जी चिकणमाती होते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. वऱ्हाडातल्या शेताला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नझलात ओढ्याकाठी सुकलेल्या गाळाला तशाच भेगा पडलेल्या पाहिल्या तेव्हा मला घरची आठवण झाली. आपल्याशी काही नाते आहे का, असे तुम्ही जाता जाता विचारले आहे. व्यापाराचे नाते आहेच: तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात, तिथल्या मंदिराच्या अंगणात, भारतात घडवलेल्या एका मोठ्या रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पण कुंभाराला विचाराल तर मी मातीचे नाते सांगेन. त्यांची काळी आणि आपली काळी एकाच जातीच्या खडकाच्या लेकी आहेत.

म्हणूनच त्यांची अडचणही आपलीच आहे. अशी माती हाताखाली लोण्यासारखी वळते, पण एकटी वापरली तर वाळताना फाटते. मी तरुणपणी हट्टाने शेतातली नुसती काळी माती चाळून, गाळून, मळून बारा घागरी घडवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकही धड नव्हती. मातीच्या गोळ्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ठेवली होती, ती वाळल्यावर साडेआठ भरली. एवढे आक्रसणे कोणताच आकार सोसत नाही.

नझलाचा तोडगा राख आणि तिब्न. तिब्न म्हणजे गव्हाचे बारीक झालेले भूस, आमच्याकडे ज्याला कुटार म्हणतात ते. माती भिजत घालतात, पायांनी तुडवतात, तुडवता तुडवता राख आणि तिब्न पेरत जातात. राखेने चिकटपणा कमी होतो, माती हाताला धरून राहते पण ओढ घेत नाही. तिब्नाचे काम तीन टप्प्यांत चालते. ओल्या मातीत ते दोऱ्यासारखे काम करते, भिंत उभी धरते. वाळताना ओल आतून बाहेर यायला वाट करून देते, म्हणून वरचा थर आधी आणि आतला मागून असे वाळणे होत नाही. आणि भट्टीत ते जळून जाते, त्याच्या जागी लांबट पोकळ्या उरतात. पाझरण्याच्या वाटा त्याच. फुटलेल्या बुक्ल्याचे खापर भिंगाखाली धरा, काडीचा ठसा जसाच्या तसा दिसेल.

ही युक्ती किती जुनी असावी? गर्ट्रूड केटन-थॉम्पसन आणि एलिनॉर गार्डनर या दोघींनी १९२० च्या दशकात कारूनच्या उत्तरेच्या वाळवंटात उत्खनन केले. तिथे इजिप्तमधल्या अगदी पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली, धान्य साठवायची, आतून काडीच्या चटईने मढवलेली पेवे निघाली, आणि साधी, जाड, हाताने घडवलेली मडकी निघाली. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या सहस्रकातल्या त्या मडक्यांच्या मातीतही काडी मिसळलेली आहे. म्हणजे शेती आली, भूस आले, आणि भूस मातीत गेले. नझलातली आजची कला थेट तिथूनच चालत आली असे मी म्हणणार नाही, मधे पुष्कळ काही घडले आहे. पण त्याच खोलगट प्रदेशात, तशाच गाळात, तीच काडी सापडते हे पाहून मला आनंद झाला.

आता घडवणे. ‘चाकाशिवाय’ हे अर्धेच खरे आहे.

बुक्ला म्हणजे गोल पोटाचे, आखूड गळ्याचे पाण्याचे मडके. अम्म जमिनीवर बसायचे. समोर जमिनीत एक खळगा, ताटासारखा उथळ नव्हे, कढईसारखा गोल. त्यात राख आणि भूस भुरभुरायचे, म्हणजे माती चिकटत नाही. मळलेला गोळा खळग्यात ठेवून मधोमध मुठीने दाबायचा, आणि मग भाजलेल्या मातीचे एक जड, गोल तोंडाचे, मुठीचे अवजार घेऊन आतून ठोकायला सुरुवात. एक ठोका, गोळा थोडा फिरवला, दुसरा ठोका, पुन्हा फिरवला. एक हात ठोकतो, दुसरा फिरवतो आणि काठ सावरतो. भिंत पसरत जाते, वर चढत जाते, काठ हळूहळू आत वळतो. पाऊण तासात चेंडू तयार, वर एक भोक तेवढे उरलेले.

हे ओळखीचे वाटेल, कारण आपला कुंभारही ठोकतोच. आतून गोळा धरायचा, बाहेरून थापीने थापटायचे. फरक दोन. आपल्याकडे बाहेरची थापी मारते आणि आतला गोळा सोसतो. नझलात आतले अवजार मारते आणि बाहेरचा खळगा सोसतो. जमीनच तिथे दुसरा हात होते. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण आधी चाकावर जाड बुंध्याचे भांडे उतरवतो, त्याचा गळा आणि काठ चाकावरच पुरा होतो, बूड मात्र उघडे किंवा जाड राहते. मग ओल थोडी उडाली की थापटून पोट फुगवतो आणि बूड मिटवतो. म्हणजे गळा आधी, पोट नंतर. नझलात उलटे. पोट आधी जमिनीवर, मग ते थोडे वाळू द्यायचे, आणि शेवटी चाकावर ठेवून मातीची वळी लावून गळा चढवायचा. त्यांचे चाक पायाने फिरवायचे असते: खाली जड तबकडी, वर लहान, पाय चालता ठेवायचा. आपल्यासारखे काठीने वेग देऊन सोडायचे चाक मला तिथे दिसले नाही.

गळा चढवताना पोट नेमके किती वाळलेले हवे, इथेच सगळे अडते. फार ओले असेल तर वजनाने बसते. फार वाळले असेल तर जोड धरत नाही, भट्टीत गळा हार काढून ठेवल्यासारखा अलगद सुटतो. अम्मची परीक्षा साधी होती. अंगठा दाबायचा. ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला माती लागता कामा नये. माझ्या आजोबांची परीक्षाही हीच होती.

ठोकून काय साधते, हे मी नव्या मुलांना नेहमी सविस्तर सांगतो. चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. ठोक्याने ते भिंतीला समांतर, एकावर एक निजतात. भिंत पातळ होते आणि तरी घट्ट राहते. शिवाय गोल बुडाला कोपरा नसतो. सपाट बुडाच्या भांड्यात भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे ओढ पडते, आणि तडा तिथूनच निघतो. गोल पोटाला ओढ सगळीकडे सारखी. म्हणून बुक्ला एवढा पातळ करता येतो, आणि पातळ असतो म्हणून डोक्यावरून नेता येतो. तिथल्या बायका डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवूनच मडके नेत आल्या आहेत, आणि घरात ते ठेवायला लाकडाची चौकट असते, आपल्या घडवंचीसारखी. गोल बुडाला हे दोन्ही लागतेच. भांड्याचा आकार घरातल्या बाकीच्या वस्तू ठरवतो.

वाळवण्याबद्दल थोडक्यात: आधी सावली, मग ऊन, आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड नको. फायूमची हवा इतकी कोरडी की एका बाजूचा वारा तासाभरात भांडे वाकडे करतो. विदर्भातल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्यालाही हीच काळजी.

भट्टी. नझला गाव उंचावर आहे आणि खाली एका खोल ओढ्याची घळ आहे, पाणी कारूनच्या बाजूला उतरते. कारून सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४५ मीटर खाली आहे, सगळ्या फायूमचे पाणी शेवटी त्याच्याकडेच धावते. त्या घळीच्या उतारावर कुंभारांच्या खोपट्या आणि कच्च्या विटांच्या गोल भट्ट्या, वारुळासारख्या. पाणी, माती आणि उतार एकाच जागी, शिवाय धूर गावाच्या खाली. जागा कोणीतरी फार विचाराने निवडली असणार.

भट्टीचा खालचा भाग जाळाचा, मधे भोके असलेली जमीन, वर भांडी एकावर एक रचलेली, माथ्यावर फुटक्या खापरांचे झाकण. जाळायला शेतातला काडीकचरा, खजुरीच्या फांद्या, भुसा, जे मिळेल ते. आपला उघडा आवा, गोवऱ्या आणि कुटार यांचा, आतून बाहेरून एकदम पेटतो आणि त्यात उष्णता ठरवणे अवघड. त्यांच्या भट्टीत जाळ खाली आणि भांडी वर, त्यामुळे कुंभार जाळ कमीजास्त करू शकतो. पहिले काही तास तो फक्त धग देतो. भांड्यातली ओल जायची असते, घाई केली तर वाफ भिंत फोडते. ओल गेली की मातीच्या कणांत बांधलेले पाणी सुटायला लागते, साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, आणि यानंतर माती पुन्हा कधी माती होत नाही. मधे ५७३ अंशांना वाळूतल्या गारगोटीचे कण एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आकसतात. म्हणून उतरतानाही घाई नाही. भट्टी दुसऱ्या दिवशी उघडायची म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

किती तापवायचे? इथे पुन्हा छिद्रांकडे येतो. नाईलचा गाळ ८०० अंशांच्या आसपास चांगला लाल, टणक होतो आणि छिद्रे उघडी राहतात. आणखी वर नेले, हजाराच्या पुढे, की त्यातले लोह आणि क्षार मातीला वितळवू लागतात, छिद्रे बुजतात, आणि शेवटी भांडे फुगते, वाकते. शहरातल्या विजेच्या भट्टीत दगडासारखी घट्ट भांडी भाजतात त्या उष्णतेला भाजलेले मडके पाझरणार नाही, वाजेलही घंटेसारखे, पण पाणी कोमटच राहील. तुमचे मडके पाझरते याचा अर्थ ते बिघडले असा नाही. ते योग्य भाजले गेले असण्याची शक्यता जास्त.

थंडाव्याचे गणित सांगतो, कारण त्याने जागा-जागांतला फरक कळतो. १ लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्यात ५० लिटरहून जास्त पाणी १० अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून एवढे साधत नाही, पण थोड्याशा पाझराने काय होते ते दिसते. आता हवा पाहा. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, फायूमचा उन्हाळा असाच, तर मडक्यातले पाणी जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत उतरू शकते. नागपूरला ४४ अंश आणि १५ टक्के असताना साधारण २३ पर्यंत. मुंबईत मे महिन्यात ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर २९ च्या खाली ते कधीच जाणार नाही, मडके कितीही उत्तम असो. मुंबईचे नातेवाईक माठाला नावे ठेवतात तेव्हा मी त्यांना हे आकडे दाखवतो. दोष माठाचा नाही, दमट हवेचा आहे. इजिप्त आणि विदर्भ दोघेही मडक्याचे प्रदेश आहेत.

पाझराला इजिप्तमध्ये आणखी एक काम असते. तिथल्या मोठ्या रांजणाला झीर म्हणतात. गढूळ पाणी झीरमध्ये भरायचे, ते भिंतीतून झिरपून खाली ठेवलेल्या भांड्यात ठिबकायचे, गाळ आत राहायचा. गढूळ पाणी लवकर निवळावे म्हणून झीरच्या आतून कडू बदामाची बी घासायची चाल होती. आपल्याकडे रांजणाला निवळीची बी घासतात ना, अगदी तसेच. आणि गावाच्या वाटेवर सावलीत झीर भरून ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावे म्हणून. त्याला सबील म्हणतात, आपली पाणपोई. एका वळणावर तीन झीर आणि साखळीला बांधलेला प्याला पाहिला तेव्हा मी तिथे बसून दोन प्याले प्यालो, तहान नसताना.

सगळीच इजिप्शियन मडकी नाईलच्या गाळाची नसतात, हे मधेच सांगायला हवे. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमध्ये, केनाच्या आसपास, वाळवंटाच्या कडेच्या डोंगरात चुनखडीयुक्त माती मिळते. ती भाजल्यावर लाल न होता फिकट, दुधाळ होते. केनाची निमुळत्या गळ्याची सुरई, कुल्ला, याच मातीची आणि तिच्या थंड पाण्याची कीर्ती जुनी आहे. नदीपलीकडच्या बल्लास गावाचे नाव तर घागरीलाच पडले. तिथल्या घागरीला बल्लासच म्हणतात, आपण पैठणी म्हणतो तसे. ज्यांनी जुन्या इजिप्तची खापरे अभ्यासली त्यांनी १९८० मध्ये व्हिएन्नात बसून मातीचे वर्ग ठरवले, आणि पहिला भेद हाच केला: नाईलची माती एकीकडे, चुनखडीची दुसरीकडे. तुम्ही पश्चिम महाराष्ट्रात असाल तर हा भेद तुमच्याही उपयोगाचा आहे. काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. ते राहिले तर भाजल्यावर चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो, आणि आठवड्याभराने मडक्याच्या अंगावरून टिकली एवढा तुकडा उडतो. म्हणून माती भिजवून, घोळ करून, बारीक जाळीतून गाळा. त्यात आळस नको.

मडक्यांची कामे इजिप्तमध्ये पिण्याच्या पाण्यापुरतीच नव्हती. गुरांच्या रहाटाला, साकियाला, दोराने बांधायची मडकी म्हणजे कादूस. त्यांच्या बुडाला गाठ असते, दोर निसटू नये म्हणून. रहाटगाडगे हा शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याला साकिया समजावून सांगावी लागत नाही. कबुतरांचे उंच मातीचे बुरूज असतात, त्यांच्या भिंतीत शेकडो मडकी आडवी चिणलेली, एकेक मडके म्हणजे कबुतराच्या जोडीचे एकेक घर. खाली साचलेले खत शेताला. बाळाच्या सातव्या दिवशी सुबूअ नावाचा सोहळा होतो. त्यात मुलगी असेल तर कुल्ला सजवतात, मुलगा असेल तर तोटीचा इब्रीक. नकोसा पाहुणा गेला की त्याच्यामागे कुल्ला फोडतात, परत येऊ नये म्हणून. मडके फोडून नाते तोडायची खूण आपल्याला अंत्ययात्रेतून माहीत आहे. आणि एक म्हण आहे: मडके तोंडावर पालथे घाल, मुलगी आईसारखीच निघेल. मला ती सांगितली गेली तेव्हा मी लगेच ‘खाण तशी माती’ म्हणून दाखवले, खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी. अम्म खूप वेळ मान हलवत राहिले.

जुन्या इजिप्तच्या लोकांनी तर माणूसच कुंभाराच्या हातचा मानला. मेंढ्याच्या डोक्याचा ख्नुम देव चाकावर माणसे घडवतो. लक्सरच्या मंदिरातल्या जन्माच्या दालनात तो तिसऱ्या आमेनहोतेप राजाला घडवताना कोरलेला आहे, आणि राजाबरोबर त्याचा जुळा प्राणही, दोघे सारखे. मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो ते देवाच्या हातांकडे पाहत. कोरणाऱ्याने कुंभार जवळून पाहिलेला होता.

आजची स्थिती सांगताना मला वाईट वाटते, पण सांगायला हवी. असवानचे उंच धरण १९७० मध्ये पुरे झाले. त्याच्या काही वर्षे आधीपासूनच पुराचा गाळ अडायला लागला होता. आता तो धरणामागच्या तलावात बसतो. म्हणजे कुंभाराला आणि शेतकऱ्याला दरवर्षी मिळणारी नवी माती संपली. जे आहे ते जुने थर. माती संपण्यापेक्षा गिऱ्हाईक संपण्याची धास्ती मात्र जास्त आहे. घरोघरी नळ आला, शीतकपाट आले, प्लास्टिकचे डबे आले. नझलातून आता बुक्ला जितका घरात जातो त्याहून जास्त बागेत, हॉटेलात, दिव्यांच्या छताखाली जातो. सजावटीसाठी मागणी आली तर भट्टी पेटती राहते, हे मी नाकारत नाही. पण सजावटीच्या मडक्याला पाझरायची गरज नसते. मग तिब्न चाळून बारीक करायचे कष्ट का घ्यायचे, भिंत पातळ का ठोकायची? दुसऱ्या खेपेला मी एका तरुणाच्या हातचे जाड मडके उचलले. दिसायला देखणे होते. अम्मने ते माझ्या हातातून घेतले, बोटाने टिचकी मारली, आणि न बोलता खाली ठेवले. भद्रावतीत मीही हेच पाहतो आहे.

आता तुमच्या हातचे. आपल्या मातीत जमेल, नक्की जमेल. नुसती शेतातली काळी घेऊ नका; तळ्याकाठचा किंवा नदीकाठचा पोयटा घ्या, त्यात बारीक रेती आपसूकच असते. काळीच असेल तर तिला माझ्या हिशेबाने सहा घमेली मातीला एक घमेले चाळलेली राख आणि दीड-दोन घमेली बारीक कुटार. कुटार नखाहून लांब नको, नाहीतर पाणी पाझरणार नाही, टपकेल. गव्हाचे मिळाले नाही तर भाताचा तूस चालतो, पण त्याची छिद्रे आखूड पडतात आणि थंडावा थोडा कमी. सगळे मळून ओल्या गोणपाटाखाली किमान आठवडाभर ठेवा. वास येऊ लागेल, येऊ द्या, माती मुरते आहे.

पहिला बुक्ला लहान करा, नारळाएवढा. गच्चीवर खळगा कुठून आणणार, म्हणून जाड बुडाच्या लोखंडी कढईत राख पसरून घ्या. ठोकायला दगडी खलातला गोल बत्ता चालेल. मनगट सैल, ठोका हलका, आणि प्रत्येक ठोक्यानंतर भांडे फिरलेच पाहिजे. एका जागी दोन ठोके पडले की तिथे भिंत पातळ होते आणि तुम्हाला ते भाजल्यावरच कळते. तडा दिसला तर पाणी लावून बुजवू नका, वरून मिटतो आणि आतून वाढतो. गोळा मोडून पुन्हा मळा.

भाजून झालेल्या मडक्याला टिचकी मारा. फाटका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. आवाज साफ असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी ते पाणी फेका, मग भरा. दोन दिवस पाण्याला मातीचा आणि राखेचा वास येईल. बाहेरचे अंग ओलसर, हाताला गार, पण थेंब धरत नाही, एवढा पाझर योग्य. माझ्या १० लिटरच्या माठातून एप्रिलात दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी उडते. याच्या दुप्पट जात असेल तर कुटार जास्त झाले. वार्निश, तेलरंग, सिमेंटचे पाणी, यांतले काहीही अंगाला लागू देऊ नका. एक-दोन उन्हाळे गेले की जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि थंडावा कमी होतो. तेव्हा बाहेरून काथ्याने घासा, दिवसभर कडक उन्हात तापवा, थोडे सुधारते. त्यानंतर मात्र त्याला धान्याला लावा आणि पाण्याला नवे घ्या.

घडवण्याच्या आधी एक काम करा. मातीच्या सपाट पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, पट्टी सावलीत पूर्ण वाळू द्या, आणि रेघ किती उरली ते मोजून मला कळवा. सव्वानऊच्या वर उरली तर वर दिलेले माप तसेच ठेवा. नऊच्या खाली गेली तर राख आणि कुटार दोन्ही वाढवावे लागेल, आणि किती ते तुमचा आकडा पाहून सांगतो.